पुरावा त्याने का द्यायचा?

आपल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑर्डरी घटल्या म्हणून कामगार कपात झाली. त्यात अकरा वर्षं पॅकिंगला असलेला, एका पायाला पोलिओ झालेला माणूस गेला. त्याच पॅकिंगला दोन वर्षांपूर्वी लागलेली पोरं मात्र कामावर आहेत. हा विचारायला गेला तर उत्तर मिळालं, "पायामुळे काढलं याचा पुरावा आहे का तुझ्याकडे?"

अहो, त्याच्याकडे पुरावा येणार कुठून? मस्टर कंपनीच्या कपाटात, ज्येष्ठता यादी त्याच कपाटात, कोणाला काढायचं ते ठरलं साहेबांच्या केबिनमध्ये. याच्याकडे आहे काय, तर दिव्यांगाचं कार्ड आणि जेवणाचा डबा.

दोन्ही बाजू घ्यायच्या म्हणून मी साहेबांना फोन केला. डिप्लोमाला शिकवलेलं एवढं एक अजून पाळतो. म्हणाले, परफॉर्मन्स बघून काढलं. कागद दाखवा म्हटलं, तर तो कॉन्फिडेन्शियल!

कपातीत त्या कामावर शेवटी लागलेला आधी जातो. हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. क्रम मोडायचा तर मालकाने कारण लेखी नोंदवायचं. म्हणजे जाब मालकाने द्यायचा, काढलेल्याने नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३ सांगतं, भेदभाव चालणार नाही. रास्त हेतूसाठी योग्य प्रमाणातलंच पाऊल होतं हे दाखवलं तरच सुटका. दाखवायचं कोणी, हे मात्र तिथे लिहिलेलं नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात ते स्पष्ट आहे: भेदभाव झाला असावा असं वाटण्याइतके तथ्य कामगाराने मांडले, की तसं नव्हतं हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २०२१ मध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं, की अपंगत्व हेच एकमेव कारण असायला नको, अनेक कारणांपैकी एक असलं तरी पुरे. आणि आपलं कलम २०? नोकरीतल्या भेदभावाला तिथे थेट बंदी आहे, पण फक्त सरकारी आस्थापनांना. एमआयडीसीतला दिव्यांग काय दुसऱ्या देशातला आहे?

अजून एक. कपातीच्या दिवशी राजीनाम्याचा छापील कागद पुढे करतात. "सही कर, हिशोब लगेच मिळेल." करू नका सही. केलीत की तुम्ही स्वतःहून गेलात असं म्हणायला ते मोकळे. या भावाने केली नाही, तो कोरा कागद त्याने घडी घालून जपून ठेवलाय.

सोमवारी कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला, मी सोबत होतो. मागणी एकच, ज्येष्ठता यादी आणि नोंदवलेलं कारण समोर आणा. तारीख लागली की इथेच लिहितो.