कँटरबरीची कोंडी
ज्या चर्च मिशनरी सोसायटीने १९व्या शतकात नायजेरियापासून नाशिकच्या शरणपूरपर्यंत ‘एकमेव सत्या’चा प्रचार केला, तिच्याच अँग्लिकन पंथाला आज आपल्या ग्रंथाचा एक अर्थ सांगता येत नाही! २००३ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे जीन रॉबिन्सन हे उघडपणे समलिंगी असलेले धर्मगुरू बिशप झाले. त्या दीक्षाविधीत त्यांना गोळीरोधक जाकीट घालावे लागले. (प्रेमाचा धर्म म्हणतात तो हाच!) २००५ साली नायजेरियाच्या चर्चने आपल्या घटनेतून कँटरबरीचा उल्लेखच वगळला. २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास संमती देताच किगाली येथे जमलेल्या बिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांचे नेतृत्व झुगारले. काल ज्यांना अज्ञानी ठरवून बाप्तिस्मा दिला, तेच आज गुरूला पश्चात्ताप करावयास सांगत आहेत. कोण खरे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. परंतु शरणपुरात वाटलेले सत्य यांतील नेमके कोणते होते?