तापीत बोट येण्याआधी

हतनूर धरणाच्या फुगवट्यातल्या बोटींवर गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर बहुतेक वाचकांचा सूर एकच होता. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फोनवर ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण ऐकवली, भुसावळच्या एका वकिलांनी तेच जरा सभ्य भाषेत लिहून पाठवलं. तापीत धड बोटी नाहीत आणि तुम्ही बोटींच्या सांडपाण्यासाठी राज्याचा कायदा मागता? होय, मागतो. बोटी थोड्या आहेत म्हणूनच मागतो. आज नावाड्यांना समोर बसवून जे ठरवता येईल, ते उद्या कर्ज काढून क्रूझ आणलेल्या कंपनीकडून करून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागेल.

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर भाविकांना फिरवणाऱ्या बोटी तुम्हीही पाहिल्या असतील. मी बसलो त्या बोटीत इंजिनाखालच्या खणात काळं पाणी साचलं होतं. नावाड्यानं ऑइलचा अर्धा कापलेला डबा घेतला आणि बोलता बोलता ते पाणी उपसून नदीत टाकलं. निळा-जांभळा तवंग पसरला, निर्माल्याच्या फुलांना चिकटला आणि लाटेसरशी पायऱ्यांकडे सरकला. तिथे दोन बायका तीर्थ म्हणून बाटलीत पाणी भरत होत्या. नावाड्याला मी दोष देत नाही. ते पाणी ओतायला काठावर त्याला कुणी जागा दिलेली नाही. २०२१ च्या केंद्रीय अंतर्देशीय जलयान कायद्यात बोटींचं तेल, मैला, कचरा काठावर घेण्याच्या सोयीची तरतूद आहे, प्रदूषण प्रतिबंधाचं प्रमाणपत्र आहे, आणि राज्यांना नियम करण्याचे अधिकारही आहेत. तापीच्या काठावर त्यातलं काहीच पोचलेलं नाही.

अलास्काचा उल्लेख मी आधी एकदा ओझरता केला होता. आज तो सविस्तर करतो, कारण प्रवासी जहाजांच्या घाणीवर एखाद्या राज्यानं स्वतःचा कायदा कसा करावा आणि तो कसा गमावू नये, या दोन्ही गोष्टी तिथे शिकता येतात.

अलास्काची लोकसंख्या २००० साली सव्वासहा लाख होती. एकट्या जळगाव जिल्ह्याची २०११ साली ४२ लाख. तिथली राजधानी जूनो म्हणजे माणसांच्या हिशेबात आपलं एरंडोल. या एवढ्याशा गावाच्या धक्क्याला उन्हाळाभर हजारो प्रवाशांची जहाजं लागतात. १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियन या बड्या कंपनीनं अमेरिकी न्यायालयात २१ गुन्हे कबूल केले आणि १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला. तेलकट पाणी गाळणी चुकवून समुद्रात सोडलं, फोटो धुण्याची आणि ड्रायक्लिनिंगची रसायनं ओतली, असे ते गुन्हे होते. त्याच वर्षी जूनोच्या मतदारांनी जहाजानं येणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे ५ डॉलर शुल्क मंजूर केलं. पुढच्या उन्हाळ्यात जहाजांच्या सांडपाण्याचे नमुने घेतले, तर जवळजवळ सगळे नापास. संडासाचं पाणी घाण निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. धक्का बसला तो न्हाणीघरं, स्वयंपाकघरं आणि कपडे धुण्याच्या पाण्यानं, कारण त्यातही मैल्यातले जंतू भरमसाट निघाले. या पाण्यावर तिथल्या समुद्रात तोवर कुणाचंच बंधन नव्हतं, आणि मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारात ते आजही नाही.

२००१ मध्ये अलास्काच्या विधिमंडळानं कायदा केला. जहाजांची नोंदणी, पाण्याचे नमुने, आणि न्हाणी-मोरीच्या पाण्यालाही मर्यादा. त्यावर २००६ मध्ये मतदारांनी थेट मतदानानं आणखी एक पाऊल टाकलं. जहाजावरच एक सागरी अभियंता निरीक्षक म्हणून बसवायचा आणि त्याचा खर्च दर खाटेमागे ४ डॉलर घेऊन भागवायचा. प्रवाशाच्या खिशाला हे पैसे जाणवतही नसत, आणि टाकीचा नळ उघडताना मात्र शेजारी सरकारचा माणूस उभा असे. मला या कायद्यातली सगळ्यात शहाणी तरतूद हीच वाटते.

हा कायदा नंतर पोखरला गेला, तेही सांगितलं पाहिजे. २०१३ मध्ये नियम सैल केले. घाण जहाजातून निघते त्या तोंडाशी न मोजता समुद्रात मिसळल्यावर मोजली तरी चालेल, अशी वाट करून दिली. २०१९ मध्ये राज्यपाल माइक डनलेव्ही यांनी निरीक्षकांसाठीच्या पैशांवर नकाराधिकार वापरला आणि जहाजावरची माणसं उतरली.

‘मिसळल्यावर मोजा’ हा युक्तिवाद आपल्याकडेही येणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. अलास्कात खोल समुद्र आहे, भरती-ओहोटी आहे. तापीत काय आहे? राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० म्हणून २०१६ च्या कायद्यानं जाहीर केलेली तापी हतनूरपासून खंभातच्या आखातापर्यंत ४३६ किलोमीटर कागदावर सलग आहे. प्रत्यक्षात हतनूरच्या खाली शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आणि पुढे उकाई. बोट एका फुगवट्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही. म्हणजे जी बोट जिथे चालेल, तिची घाण तिथेच राहील. पावसाळा संपून हतनूरचे ४१ दरवाजे बंद झाले की साठलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपल्याला पुरवायचं असतं. त्याच पाण्यावर भुसावळ आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे, आयुध निर्माणी आहे. खाली धुळे शहर तापीचंच पाणी पाइपानं आणून पितं. अलास्कातल्या लोकांना समुद्र स्वच्छ हवा होता तो मासे आणि देवमाशांसाठी. आपण तर हे पाणी हंड्यात भरतो.

शेजारच्या मध्य प्रदेशात हाच मुद्दा निर्णायक ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं भोपाळचा मोठा तलाव, नर्मदा आणि तिथल्या इतर पाणथळींत यांत्रिक क्रूझ बोटी बंद करायला सांगितल्या. हे पिण्याचं पाणी आहे, हे त्यामागचं मोठं कारण. सर्वोच्च न्यायालयातही तो निर्णय टिकला. आता नकाशा उघडा. नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर आपल्या जुन्या धुळे जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या नंदुरबारच्या कडेनं वाहते. मध्य प्रदेशातून केवडियाच्या पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याच्या योजना वारंवार कानावर येतात, आणि ती बोट अक्राणी-अक्कलकुव्याच्या काठावरूनच जाणार. अलास्काच्या बेटांच्या मधोमध किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडचे पाण्याचे तुकडे राज्याच्या हद्दीबाहेर राहत, आणि जहाजं नेमकी तिथे टाक्या रिकाम्या करत. ती पळवाट बुजवायला २००० मध्ये अमेरिकी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. सरदार सरोवराच्या पाण्यात तीन राज्यांच्या हद्दी आहेत. ज्या काठाचा नियम सगळ्यात ढिला, त्या काठाला टाकी उघडणार. तो काठ आपला असू नये.

गोव्यात काय झालं तेही पाहा. नव्वदच्या दशकात जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती करून जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट करून दिली. जहाजं मांडवीत येऊन उभी राहिली, महसूल सुरू झाला, आणि त्यांचा मैला जातो कुठे हा प्रश्न पणजीकर अजून विचारताहेत. वरातीमागून घोडं ते हे.

आता माझं नेहमीचं दुखणं. महाराष्ट्र सागरी मंडळाची स्थापना १९९६ च्या कायद्यानं झाली. त्याचे बंदरगट वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला. सगळे समुद्रकाठी. पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा विचार मुंबईत बसून केला की कसारा घाटाच्या अलीकडेच तो थांबतो, हे मी वर्षानुवर्षं लिहितोय आणि मला त्याची खात्री आहे. तापीवर जलमार्ग जाहीर करताना खान्देश दिसतो, आणि त्या जलमार्गावर निरीक्षक नेमायची वेळ आली की दिसेनासा होतो.

राज्याला हे झेपणार नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. महाराष्ट्रानं त्याच्या पाच वर्षं आधी, १९६९ मध्ये, स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता आणि त्याखाली १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. दिल्लीची वाट न पाहण्याची हिंमत या विधिमंडळानं एकदा दाखवलेली आहे.

वकीलसाहेबांचा दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गावंच्या गावं गटारीचं पाणी तापीत सोडतात, पांझरेचं धुळ्यात काय झालंय ते दिसतंच, मग बोटींचं ते कितीसं? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. शहराच्या सांडपाण्याला कोट्यवधी रुपये आणि वर्षं लागतात, आणि तो पाठपुरावा या स्तंभात चालूच राहील. बोटीला मात्र परवान्यातली एक अट पुरते. बंद टाकी नसेल तर परवाना नाही. जिथे काम पहिल्याच दिवशी फुकटात होतं, तिथे ते शहरांची गटारं मार्गी लागेपर्यंत कशासाठी लांबवायचं?

एका गोष्टीत अलास्काची नक्कल चालणार नाही. तिथला कायदा ५० मुक्कामी खाटांपासून पुढच्या जहाजांना लागतो. आपल्याकडच्या बोटी तासाभराच्या, त्यांत खाटा नसतात, म्हणजे त्या मापानं सगळ्याच सुटतील. उलट इंजिन हे माप धरलं, तर मणिबेलीच्या आणि धडगावकडच्या पाड्यांतल्या माणसांच्या बोटी अडकतील. धरणानं त्यांचे रस्ते बुडवले आणि दवाखान्याला, बाजाराला जायला त्यांच्याकडे बोटच उरली. त्यांना मैल्याची टाकी बसवा म्हणणं म्हणजे उरलेला रस्ताही काढून घेणं. म्हणून पर्यटनाचं तिकीट फाडणारी प्रत्येक बोट कायद्यात घ्यावी, लहान असो की मोठी. गावची बोट आणि तरंगता दवाखाना टाकीच्या अटीतून वगळावेत, आणि त्यांच्या इंजिनाचं तेलकट पाणी काठावर उतरवून घ्यायची सोय पर्यटन बोटींच्या तिकिटावरच्या शुल्कातून करावी. पुढच्या अधिवेशनाआधी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या आमदारांना हा मसुदा मी पाठवणार आहे. वकीलसाहेबांनी त्यातली व्याख्या तेवढी तपासून द्यावी.