तारीख पाहून

साठी उलटल्यावर मला हे कुतूहल जडले. पुण्यातल्या मुलाने एका ब्रुअरीत ‘इंडिया पेल एल’ नावाची बिअर पाजली. संत्र्याच्या सालीसारखा वास आणि मागाहून कारल्याचा कडूपणा. तो वास नाकात घेऊनच पोलादपूरला परतलो.

पुढे महाडच्या एका दुकानात तसली बाटली दिसली, उन्हाच्या तिरिपेत फळीवर उभी. घरी उघडली तर भिजल्या पुठ्ठ्याची चव! लेबल पाहिले; भरून आठ महिने झालेले. उभा जन्म चेकवरच्या तारखा पाहण्यात गेलेल्या माणसाने ही चूक करावी! चेकची मुदत पूर्वी सहा महिने असे, २०१२पासून तीन. या बिअरचेही साधारण तसेच.

गंमत अशी, की अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉर्ज हॉजसनची बिअर आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिन्यांनी हिंदुस्थानात पोचे. ती टिकावी म्हणून तिच्यात हॉपची फुले जास्त घालीत. (ती त्यानेच शोधली, ही मात्र दंतकथा.) आजचा ब्रुअर हॉप घालतो तो मुख्यतः वासासाठी, आणि वासच आधी उडतो, महाडच्या उकाड्यात तर लवकरच.

म्हणून नवख्याने ब्रँड विचारू नये. तारीख वाचावी, फ्रिजमधलीच बाटली मागावी. आपल्या राज्यात पिणाऱ्याला परवाना लागतो. मग मी बाटलीचा जन्मदाखला का मागू नये?

परवा दुसऱ्या दुकानात चष्मा पुसून लेबल वाचत होतो.

“साहेब, चेक पास करताय काय?” पोऱ्याने विचारले.

“रिटर्न,” मी म्हणालो आणि बाटली त्याच्या हाती दिली.