दगडाचे पैलू कोणीं पाडले?

गेल्या चातुर्मासांतली गोष्ट. आम्ही पूजेस बसलों असतां आमचा नातू शेजारीं येऊन बसला व ताम्हनांतील देवांकडे निरखून पाहूं लागला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असतें तसें आमच्याही घरीं वडिलोपार्जित पंचायतन आहे. शिवाचा बाण नर्मदेचा, विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, गणपतीचा तांबडा दगड शोणेचा, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा सोनेरी स्वर्णमाक्षिक. नातवानें विचारलें, "आजोबा, हे कोणीं घडवले?"

आम्हीं उत्तर दिलें, "कोणींच नाहीं. हे स्वयंभू आहेत."

"मग एक गुळगुळीत आणि एक कोनेदार, असें कां?"

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. परंतु तें आम्हांस किती उशिरां ठाऊक झालें, हें आठवून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों.

प्रथम उत्तर सांगतों. बाणाचा व शोणेच्या दगडाचा आकार नदीनें दिलेला आहे. डोंगरांतून तुटलेला धोंडा प्रवाहांत गडगडत जातो, इतर धोंड्यांवर व वाळूवर घांसला जातो; त्याचे कोपरे आधीं झिजतात व शेवटीं गोटा उरतो. शाळिग्रामाचें चक्र ही एका प्राण्याची खूण होय. हिमालय उठण्यापूर्वीं तेथें समुद्र होता. त्यांत सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वीं अमोनाइट नांवाचे शंखधारी जीव राहत. त्यांच्या वेटोळ्या शंखांचे ठसे काळ्या दगडांत राहून गेले, तेच गंडकीच्या पात्रांत सांपडतात. हे दोन्ही आकार बाहेरून आलेले, म्हणजे उसने. स्फटिकाच्या सहा बाजू आणि आमच्या स्वर्णमाक्षिकांत चमकणारे लोह-गंधकाचे चिमुकले घन मात्र कोणाचे उसने नाहींत. तो आकार आंतूनच येतो.

आतां आमची चूक. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही पुणें जिल्ह्यांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. एके दिवशीं दगड फोडणाऱ्या एका मजुराचा मुलगा वर्गांत एक खडा घेऊन आला. बोटाच्या दोन पेरांएवढा, कांचेसारखा नितळ, चार बाजूंचा व वर मनोऱ्यासारखें टोंक असलेला. आम्हीं विचारलें, "हा कोठून आणलास?" तो म्हणाला, "गुरुजी, इहिरीच्या दगडातनं निघाला. बानं फोडला तवा आतच व्हता असा." आम्ही हंसलों. इतके सरळ पैलू हत्याराखेरीज पडत नाहींत, अशी आमची खात्री होती. खडा कोणा सराफाचा असावा असा संशय आम्हीं भर वर्गांत बोलून दाखविला, मुलास तासभर उभें केलें व खडा जप्त केला. त्या मुलानें पुढें वर्गांत कधीं कांहीं दाखविलें नाहीं कीं विचारलें नाहीं. आणि वर्ष संपल्यावर तो शाळेंत आला नाहीं. खड्याचा धनी शोधीत कोणी सराफ आला नाहीं, तेव्हांही आम्हांस शंका आली नाहीं. खडा आमच्या मेजावर कागद दाबण्याच्या कामीं येऊं लागला.

पुढें सेवानिवृत्तीनंतर नाशिकहून परततांना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत जाण्याचा योग आला. तेथें काळ्या पाषाणाच्या पोकळींत, जणूं खोबणींत बसविलेले, असेच शेंकडों खडे आम्हीं पाहिले. कांहीं पांढरे, कांहीं फिकट हिरवे. खनिजाचें नांव अॅपोफिलाइट. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनांत लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांतील वायूंचे बुडबुडे थिजून दगडांत पोकळ्या राहिल्या. पुढें त्यांत क्षारयुक्त ऊन पाणी झिरपलें व सावकाश हे खडे वाढले. महाराष्ट्रांत विहीर खणणारा व खडी फोडणारा हे जाणतो. जाणत नव्हतों ते आम्ही.

घरीं येऊन आम्हीं ह्या विषयावरचें वाचन केलें. डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोनें १६६९ सालीं दाखविलें कीं, स्फटिक लहान असो, मोठा असो वा बेढब वाढलेला असो, त्याच्या जुळत्या पैलूंमधील कोन बदलत नाहीं. पुढें फ्रान्समधील रने जुस्त आवी नांवाच्या धर्मोपदेशक अध्यापकाच्या हातून कॅल्साइट नामक खनिजाचा खडा पडून फुटला, असें सांगतात. तुकडे पाहतां ते सारे एकाच तिरकस आकाराचे! एकसारख्या सूक्ष्म विटा रचल्याप्रमाणें स्फटिक बनत असावा, हें अनुमान त्यानें १७८४ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. अॅपोफिलाइटचें नामकरणही त्याचेंच, १८०६ सालचें. तापविल्यास ह्या खनिजाचे पापुद्रे सुटतात, म्हणून तें ग्रीक नांव.

त्या विटा प्रत्यक्ष सिद्ध होण्यास १९१२ साल उजाडलें. मॅक्स फॉन लाउए ह्यांच्या सूचनेवरून म्यूनिकला मोरचुदाच्या खड्यांतून क्ष-किरण सोडले, तेव्हां छायापत्रावर नियमबद्ध ठिपके उमटले. पुढल्याच वर्षीं ब्रॅग पितापुत्रांनीं मिठाची आंतली रचना उलगडली. सोडियम व क्लोरीन यांचे विद्युद्भारित परमाणु आळीपाळीनें, उभे, आडवे व खोल, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें बसलेले असतात. एका मिलीमीटरांत अशा सुमारें ३५ लक्ष रांगा मावतात. म्हणूनच मिठाचा कण चौरस घन. प्रत्येक पदार्थाची रांग लावण्याची तऱ्हा निराळी, म्हणून प्रत्येकाचा आकार निराळा. अवकाश व वेळ मिळाला कीं आंतली शिस्त बाहेर पैलू होऊन दिसते.

आम्हांस सर्वांत लाज वाटली ती पुढील गोष्टीची. रत्नपरीक्षेच्या आपल्या प्राचीन ग्रंथांत उत्तम वज्राचें, म्हणजे हिऱ्याचें, लक्षण दिलें आहे. कोने सहा, पैलू आठ, धारा बारा. खाणींतून निघालेला अष्टफलक हिरा ज्यानें हातांत धरून मोजला, त्यानेंच हें लिहिलें. आम्हीं तें पाठ केलें होतें, मुलांना शिकविलेंही होतें. आणि घडविलेल्या हिऱ्याचें वर्णन समजून बसलों होतों. ग्रंथकारानें दगड पाहिला, मुलानें दगड पाहिला. आम्हीं मात्र शब्द पाहिले.

अशी चूक थोरांच्या हातूनही घडते. १९८२ सालीं दान शेख्टमन ह्या इस्रायली शास्त्रज्ञास एका मिश्रधातूंत असा ठिपक्यांचा नमुना दिसला कीं, जो तत्कालीन स्फटिकशास्त्राच्या नियमांत बसत नव्हता. त्यांच्या गटप्रमुखानें त्यांना गट सोडावयास सांगितलें, आणि दोनदां नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या लायनस पॉलिंग ह्यांनीं त्यांची टर उडविली. शेख्टमन आपल्या निरीक्षणास चिकटून राहिले. २०११ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या विद्यार्थ्यास मात्र एक तास उभें राहण्याची शिक्षाच मिळाली.

आमच्या वाचकांनीं घरांतील मुलांकडून एक प्रयोग अवश्य करवावा. कढत पाण्यांत विरघळेल तितकी तुरटी विरघळवून तें फडक्यांतून गाळावें व निवूं द्यावें. तळाशीं बारीक खडे जमतात. त्यांतील एक नितळ खडा निवडून रेशमाच्या धाग्यानें वरच्या निवळ पाण्यांत टांगावा, भांड्यावर कागद झांकावा व आठ-दहा दिवस तें हलवूं नये. खडा वाढेल तसे कोने, पैलू व धारा मुलांनीं मोजाव्या. सहा, आठ व बारा भरल्यास वज्राचें लक्षण त्यांस घरच्या तुरटींत भेटलें असें समजावें. आणि मुलानें बाहेरून एखादा चमत्कारिक दगड आणला, तर "कोणाचा उचललास?" असें न म्हणतां "कोठें सांपडला, चल दाखव" असें म्हणावें.

नातवास आम्हीं ही सर्व हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मग तो खडा परत द्या ना." खडा मेजावरून काढून आम्हीं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला आहे. जुन्या हजेरीपटांतून त्या मुलाच्या गांवाचें नांव मिळालें आहे. मार्गशीर्षांत तेथें जाण्याचा आमचा विचार आहे. नातूही बरोबर येणार म्हणतो.