डाव्या चाकाचे उलटे आटे

बालमित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकलने शाळेत जाता. मग सांगा बरं, सायकलचं उजवं पायडल आणि डावं पायडल यांत फरक काय? "काहीच नाही, दोन्ही सारखीच," असं म्हणालात ना? मग एखाद्या सायकल दुकानात जा आणि पायडल बदलताना नीट बघत उभे राहा. उजवं पायडल पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवलं की सुटतं. बाटलीचं झाकणही असंच सुटतं, साधा नटही असाच सुटतो. पण डावं पायडल तसं फिरवलं तर सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसतं! त्याचे आटे उलटे असतात. ते सोडवायचं तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो.

आता गंमत ऐका. हीच खोड एकेकाळी मोठमोठ्या अमेरिकन मोटारींच्या चाकांना होती. डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीची जीप, तीही मूळची अमेरिकनच बरं का! तिच्याही जुन्या गाड्यांत डावीकडचे नट उलटेच.

या गाड्या काही आपल्याला परक्या नाहीत. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत शेवरोले गाड्यांची जुळणी करत होती. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या.

जीपची गोष्ट तर त्याहून मजेशीर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला कुठेही जाऊ शकेल अशी हलकी, दणकट गाडी हवी होती. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. इकडे मुंबईत १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलीज जीपचे सुटे भाग जहाजाने मुंबईला येत आणि माझगावला त्यांची जुळणी होई. उंच बॉनेटची, चपट्या तोंडाची जी जीप आपण ओळखतो, ते मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आलं आणि तिथे १९६८ मध्ये बंदही झालं. आपल्याकडे मात्र ते त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं. बॉनेट उंच का, माहीत आहे? आत बसवलेलं नवं इंजीनच उंच होतं. झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावं लागलं, बस्स!

आमच्या सिहोऱ्यासारख्या गावांत मोटार म्हणजे बरीच वर्षं जीपच. तहसीलदार साहेबांची जीप, वनखात्याची जीप, पोलिसांची जीप. आणि मग काळी-पिवळी! तुमसर-बपेरा रस्त्यावर माणसं, गाठोडी, कोंबड्या आणि शाळेची पोरं, सगळ्यांना पोटात घेऊन धावणारी.

तर पुन्हा आपल्या उलट्या आट्यांकडे येऊ. ते उलटे का केले? त्यासाठी एक प्रयोग करा. पाटीवर एक बांगडी ठेवा. बांगडीच्या आत एक नाणं ठेवा आणि नाण्यावर खडूने बाणाची खूण करा. आता नाणं बांगडीच्या आतल्या कडेला टेकवून, घसरू न देता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घरंगळत न्या. खूण बघा. नाणं बांगडीतून एका दिशेने चाललंय, पण स्वतःभोवती मात्र उलट दिशेने फिरतंय!

सायकलच्या पायडलचा दांडा म्हणजे हे नाणं, आणि तो ज्या भोकात बसतो ते भोक म्हणजे बांगडी. पाय दाबताना दांडा भोकाच्या कडेवर अगदी केसभर घरंगळतो. एका चकरेत काही कळत नाही, पण हजारो चकरांत तो हळूहळू फिरतो. उजव्या बाजूला हे फिरणं साध्या आट्यांना घट्ट करतं, तर डाव्या बाजूला तेच आटे सैल करेल. म्हणून डावे आटे उलटे. मोटारीचं चाकही असंच फिरता फिरता नट सैल करेल, या धास्तीने त्या काळच्या इंजिनिअरांनी डावीकडचे नट उलटे केले. पुढे लक्षात आलं, की नटाचं चाकाकडचं तोंड निमुळतं असेल आणि तो नीट आवळलेला असेल, तर सगळे नट सुलटे असले तरी चालतात. मग ही पद्धत हळूहळू बंद पडली.

आमच्या वर्गातल्या पोरांना घेऊन मी एका गॅरेजवर गेलो होतो. तिथे एक जुनी जीप चाकं काढायला उभी होती. मिस्त्रीकाका म्हणाले, "पोट्टेहो, या गाडीनं किती नव्या पोरांना घाम फोडला म्हणून सांगू! डावं चाक खोलाचं म्हणून पान्यावर उभे राहतेत, जोर लावतेत, अन् नट सुटाच्या जागी बोल्टच तुटून हातात येते."

एका मुलीने विचारलं, "मग ओळखायचं कसं, काका?"

"बोल्टाच्या तोंडावर बघाचं. पुष्कळदा 'एल' असं अक्षर कोरलेलं असते. जोर लावाच्या आधी डोळे लावाचे, बेटा."

जोर लावण्याआधी डोळे लावायचे! हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. गणितालाही लागू पडतं की नाही?

चाक काढण्याची रीतही काकांनी दाखवली. आधी हँडब्रेक ओढायचा आणि बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, कारण चाक अधांतरी असलं की नटाबरोबर तेही फिरतं. मग जॅक लावायचा. चाक परत बसवताना नट ओळीने एकापाठोपाठ एक आवळायचे नाहीत. जीपच्या चाकाला पाच बोल्ट असतात. एक आवळला की शेजारचा सोडून त्याच्या पुढचा, मग पुन्हा एक सोडून पुढचा. कागदावर ठिपके काढून हाच क्रम जोडा, चित्र काय होतं? पाच टोकांची चांदणी! असं केल्याने चाक सगळीकडून सारखं टेकतं. शिवाय थोडा प्रवास झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासायचे.

चाकाच्या आत असतं बेअरिंग. आपल्या बैलबंडीच्या आसाला वंगण घालतात ना? ते नसलं तर बंडी कुरकुरते आणि आस झिजतो. जीपच्या चाकात निमुळत्या रुळांचं बेअरिंग असतं. हेन्री टिमकेन नावाच्या गाडे बनवणाऱ्या माणसाला अमेरिकेत १८९८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. रूळ निमुळते असल्यामुळे ते गाडीचं वजनही पेलतात आणि वळणावर बाजूने बसणारा रेटाही. सर्व्हिसिंग करताना बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतात, वाळवतात आणि तळहातावर ग्रीस घेऊन रुळांच्या फटीफटीत दाबून भरतात. नट फार घट्ट झाला तर बेअरिंग तापून जळतं, फार सैल राहिला तर चाक डुगडुगतं. म्हणून आधी घट्ट करून मग किंचित सैल सोडतात. मिस्त्रीकाका चाक वर-खाली धरून हलवतात, ते हीच डुगडुग तपासायला.

आता वळू या कमानपाट्यांकडे. बंडी बैलाच्या चालीने जाते, तिला कमानी नसल्या तरी चालतं. पण जीपला चारही चाकांवर पोलादी पाट्यांची थप्पी असते. सगळ्यात वरचा लांब पाटा गाडीला अडकवलेला, त्याखाली एकेक आखूड होत गेलेले पाटे. इतके पाटे कशाला? एकच जाड पाटा का नाही?

पाच सारख्या पातळ पट्ट्या घ्या. त्या सुट्या एकावर एक ठेवून वाकवल्या, तर एका पट्टीपेक्षा पाचपट जोर लागतो. पण त्याच पाच पट्ट्या पक्क्या चिकटवून एक जाड पट्टी केली तर? जोर पाचपट नाही, पाचाच्या घनाएवढा, म्हणजे ५ × ५ × ५ = १२५ पट लागतो! सुट्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात म्हणून लवचीक राहतात. चिकटल्या की दगड.

आता कळलं, पाट्यांची निगा का राखायची? पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं, गंज चढतो आणि पाटे एकमेकांना धरून बसतात. मग सुटी थप्पी जाड पट्टीसारखी वागू लागते. बसणाऱ्यांची हाडं खिळखिळी होतात आणि एक दिवस मोठ्या खड्ड्यात पाटा कडकन तुटतो. म्हणून पाटे उतरवून घासायचे, तडा गेलाय का ते बघायचं, थप्पी आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट तपासायचे. पाट्याच्या टोकांना जिथे तो झुलतो, तिथे ग्रीस द्यायचं. जुन्या जीपला हे ग्रीस दर हजार मैलांना, म्हणजे साधारण सोळाशे किलोमीटरला द्यावं लागे.

पाटा धक्का झेलतो खरा, पण मग तो झोक्यासारखा वर-खाली होत राहतो. त्याला आवरतो तो शॉक अब्सॉर्बर, मिस्त्री लोकांचा 'शॉकअप'. त्याच्या नळीत तेल असतं आणि ते बारीक भोकातून जाताना अडतं. उसळीतली शक्ती तेल तापण्यात खर्च होते आणि गाडी शांत होते. गाडीचा एक कोपरा खाली दाबून सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला, नाचत राहिली तर गेला.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट सांगतो. युद्धातल्या जीपला अमेरिकन सैन्यात 'पाव टनी' ट्रक म्हणत. तिकडचा टन २००० पौंडांचा, म्हणजे पाव टन झाला ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. खडबडीत वाटेवर तिने एवढं ओझं न्यावं, असा हिशेब. नंतरच्या लांब बॉडीच्या जीप जास्त वजन नेतात, पण त्यांचीही मर्यादा असतेच. आता तुम्ही गणित करा. एक मुलगा ३० किलोचा, त्याचं दप्तर ४ किलोचं. अशी १५ मुलं जीपमध्ये कोंबली तर? ५१० किलो! पाव टनाच्या दुपटीहून जास्त. आणि मागच्या फळकुटावर लटकलेले मोठे लोक वेगळेच.

जास्त ओझ्याने पाटे सपाट होतात, मग खड्डा आला की धक्का झेलायला जागाच उरत नाही. टायर तापतं, ब्रेक उशिरा लागतो, मागे वजन गेल्याने पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पाटा वळणावर तुटला तर गाडी कुठे जाईल, हे सांगायला नकोच. यात ड्रायव्हरदादांनाच बोल लावून भागत नाही. "अजून एक बसेल हो!" असं म्हणणारे आपणच असतो. तेव्हा गाडी भरली असेल तर "आम्ही पुढच्या गाडीने येतो" म्हणायला शिका. उशीर झाला म्हणून गुरुजी रागावले, तर त्यांना १५ गुणिले ३४ करून दाखवा. कोणते गुरुजी रागावतील?

आणि एक पक्का नियम. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधी, कधीही शिरायचं नाही. चेंडू गेला तरी नाही. शहाणा मिस्त्रीसुद्धा खाली भक्कम आधार लावल्याशिवाय आत जात नाही.

या आठवड्याचं काम : पाच सारख्या बांबूच्या पातळ कामट्या घ्या. सुट्या एकत्र धरून वाकवा, मग डिंकाने चिकटवून, एक रात्र वाळवून वाकवा. फरक वहीत लिहा. आणि डोक्याला खुराक म्हणून एक प्रश्न : बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती आधी लालबुंद तापवतो, मग चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओततो. असं का? गावातल्या लोहारकाकांना विचारा, पण उत्तर आधी स्वतः शोधून बघा. पुढच्या अंकात आपण त्या धावेच्या मागे धावू!