पद्मिनीच्या कपाळावरचं भोक

आमच्या घरी एक फियाट आहे. कागदोपत्री प्रीमिअर पद्मिनी, १९८३ ची. पण पुण्यात तिला पद्मिनी म्हणतंय कोण! आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, आणि बॉनेटवर, पुढच्या काचेच्या जरा अलीकडे, एक काळा फायबरचा स्कूप. सिग्नलला बाइकवाली पोरं हमखास विचारतात, ‘मॅडम, टर्बो है क्या?’ टर्बो कसला डोंबलाचा! त्या स्कूपखाली दहा इंच बाय चार इंचांचं भोक आहे. बास.

हे भोक माझ्या काकाने १९९१ मध्ये पाडलं. वय वर्षं २२, हातात छिन्नी आणि हॅक्सॉ, आणि आजोबा चार दिवस गावाला. आमच्या घरातली ऑफिशियल स्टोरी अशी, की काकाच्या डोक्यात ८० च्या दशकातली ती हिमालयन रॅली होती आणि शायनिंग मारायला त्याने चांगल्या गाडीची वाट लावली. आजोबा परत आले, बॉनेट बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या वर्षापासून पावसाळ्याआधी बॉनेटवर प्लास्टिक बांधायला लागले. बाबांनी मात्र ते मनात धरलं. दिवाळीला दोघं भाऊ शेजारी बसून फराळ करतात, क्रिकेटवर बोलतात, गाडीवर नाही.

गेल्या जूनमध्ये प्लास्टिक बांधायचं राहिलं. डेक्कनला धो धो पाऊस, पाणी स्कूपमधून थेट डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर, गाडी ठप्प. मागे हॉर्नचा कल्ला, मी ओढणीने कॅप पुसतेय, आणि तिकडे एक एडिटर माझी वाट बघून घरी गेला. ते असाइनमेंट गेलं ते गेलंच. (फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, तशी फियाट लीव्हही नसते.) त्याच रात्री ठरवलं, हे भोक बुजवायचं.

पहिल्या गॅरेजवाल्याने दीड हजार सांगितले. खालून जाळी, वर फायबर, त्यावर लांबी, मग रंग. संध्याकाळपर्यंत गाडी तुमच्या दारात! मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग कुणीतरी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे पाठवलं. त्याने बॉनेटवर टकटक केलं आणि मान हलवली. बॉनेट सतत थरथरतं, खालून इंजिन तापवतं, वरून ऊन. पत्रा आणि लांबी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. सहा महिन्यांत भोकाच्या आकाराची चीर वर दिसणार, तिच्यातून पाणी जाणार आणि आतून गंज. ‘भोक को भरना नहीं, पत्रा वापस लाना है,’ तो म्हणाला. दुसरं बॉनेट मिळेल का, म्हणून विचारलं. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसेक वर्षं झाली, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. त्याच्या दुकानामागे एका टॅक्सीचं बॉनेट होतं खरं, पण त्याच्यापेक्षा आमचं भोकवालं बरं.

मग त्याने असा प्रश्न विचारला जो आमच्या घरात ३० वर्षांत कुणी विचारला नव्हता. ‘किया क्यूं था? गाडी गरम होती थी?’

मी काकाला फोन लावला. ‘काका, तू ते भोक का पाडलं होतंस रे?’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, ‘अगं, आईला साताऱ्याला मामाकडे न्यायचं होतं. नुकतंच ऑपरेशन झालेलं तिचं. खंबाटकीत गाडी तीनदा उकळली. मे महिना. आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली. मला वाटलं, वरून वाट करून दिली तर गरम हवा निघून जाईल.’

‘मग सांगितलं का नाहीस कुणाला?’

‘विचारलं कुठे कुणी?’

गंमत म्हणजे काकाचं गणितच उलटं होतं. गाडी पळते तेव्हा पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते, दाब वाढतो. म्हणून तर कित्येक गाड्यांत आतल्या माणसांसाठीची हवा तिथूनच घेतात. तिथे तोंड पुढे असलेला स्कूप बसवला की हवा इंजिनच्या खोलीत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला मागे सरकायला जागा उरत नाही. गाडी उभी असताना थोडी वाफ वर जात असेल, तेवढाच फायदा. खरा रोग रेडिएटरमध्ये होता. डेंटरच्या शेजारच्या रेडिएटरवाल्याने तो उघडला, तर निम्म्या नळ्या क्षाराने बंद!

त्या साफ केल्यावर डेंटरने सांगितलं, आधी भोकावर पुठ्ठा ठेवून टेपने बंद करा, घाट चढवून आणा, मगच माझ्याकडे या. मी आणि काका निघालो. तोच खंबाटकी. बाबांनी मागे कधीतरी बसवलेल्या टेम्परेचर मीटरकडे काका असा बघत होता जसं काही रिझल्ट लागणार आहे. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. माथ्यावर आम्ही चहा प्यायलो. काका गप्प होता.

वेल्डिंगच्या दिवशी तो माझ्याआधी हजर. डेंटरने गंजलेल्या कडा कापून भोक आधी मोठं केलं (माझ्या पोटात गोळा!), कोपरे गोल केले, त्याच जाडीचा पत्रा कापून बॉनेटच्या बाकाप्रमाणे हाताने वळवला आणि बरोब्बर आत बसवला. मग एक टाका इथे, दुसरा पार समोरच्या कडेला, तिसरा मधे. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून लाटा येतात, आणि त्या लाटा जन्मात जात नाहीत. प्रत्येक टाक्यानंतर थांबायचं, गार करायचं. ओला फडका कोण दाबून धरत होतं? काका. चार तास! नंतर डॉली आणि हातोडी, मग ग्राइंडर, खालून प्रायमर आणि सीलर, वर लांबीचा अगदी पातळ हात. रंग पूर्ण बॉनेटला, कारण नुसत्या ठिगळाला मारला तर ते लांबून ओळखू येतं. आता बॉनेट बाकीच्या गाडीपेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसतं, पण ते चालवून घेऊ. रेडिएटर धरून साडेअकरा हजार. निम्मे काकाने दिले, मी नको म्हणत असताना.

गाडी घरी आणली. मी जेवताना खंबाटकीची, आजीची, दगडाची गोष्ट सांगितली होती, तेव्हा बाबा फक्त ‘हं’ म्हणाले होते. आता ते खाली आले, बॉनेटवरून तळहात फिरवला, एकदा, परत एकदा. मग वर जाऊन बादली आणि मग घेऊन आले. पाणी ओतलं, बॉनेट उघडलं, टॉर्च मारून आत बघितलं. कोरडं ठाक.

‘काम चांगलं झालंय,’ बाबा म्हणाले. मग काकाकडे न बघता, ‘तेव्हा बोलला असतास तर रेडिएटर मीच खोलला असता.’

‘बरं,’ काका म्हणाला. मग जरा वेळाने, ‘आता हिला एसी बसवून टाकू या का रे?’

बाबांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.