घरचा मिस्त्री : मूठ सोडली की बंद पडणारी एम-८०

गंगापूर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरी जुनी टू-स्ट्रोक एम-८० आहे. यजमान पहाटे तिच्यावरून दुधाचे कॅन पोहोचवतात. गाडी रेसवर झकास पळते, पण गतिरोधकापाशी मूठ सोडली की धडपडते आणि बंद पडते. मिस्त्रीने दोनदा स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. आठ दिवसांत पुन्हा तेच. "आता भंगारात घालावी का?" असे ताई विचारतात.

ताई, भंगाराची घाई नको. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी एम-८० बाजारात आली. आपल्या भागात तिने किती कॅन, किती चाऱ्याच्या पेंढ्या आणि किती पाहुणे वाहिले, त्याची गणती नाही. नवी निघणे केव्हाच थांबले; जुन्या मात्र अजून बांधावर उभ्या दिसतात.

तुमच्या पत्रातच निम्मे उत्तर आहे. रेसवर नीट चालते म्हणजे इंजिनात दम आहे. मूठ सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल मिळते ते स्लो जेटमधून, आणि त्याचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. टाकीतला गंज, धुळीचा कण तिथे अडकला की स्लो गेलाच. कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवा, जेट काढा, स्वच्छ पेट्रोलने धुवा आणि पंपाने हवा मारा. तार घालू नका. भोक मोठे झाले की जेट कायमचा बिघडतो. हे काम अंगणात करावे, चुलीपासून लांब, आणि विडी त्या वेळी खिशातच राहू द्यावी.

जेट साफ करूनही तीच रड असेल, तर हवेची गळती पाहा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावरचे पॅकिंग जुने होऊन चिरते आणि तिथून फुकटची हवा आत जाते. खूण अशी, की मूठ सोडली तरी रेस लगेच उतरत नाही, वर-खाली होते आणि मग इंजिन एकदम गप्प. मूठ किंचित धरून गाडी चालू ठेवा आणि काडीने जोडावर ऑइलचे चार थेंब सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच. (पेट्रोल शिंपडून पाहणारे महाभाग आहेत. तापल्या इंजिनावर तो खेळ नको.) पॅकिंग फार महाग नसते. जोड कोरडा निघाला, तर क्रँकचे ऑइल सील गेलेले असू शकते. ते काम मात्र मिस्त्रीचे.

स्क्रू पिळून रेस वाढवण्यावर माझा राग का, तेही सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. हवा जास्त शिरली की पेट्रोल कमी पडते, म्हणजे वंगणही कमी पडते. स्क्रू पिळल्याने गाडी चालू राहते, दुखणे मात्र झाकले जाते. मीही एकदा असेच केले होते. लासूर स्टेशनच्या बाजाराहून येताना पिस्टन जाम झाला आणि मागचे चाक जागीच धरले. मागे आमच्या सौ. बसल्या होत्या. दोघेही मातीत पडलो म्हणून गुडघ्यांवर निभावले. डांबरावर ट्रक मागे असता तर हा मजकूर लिहायला मी उरलो नसतो. बोअर-पिस्टनचा खर्च झाला तो वेगळाच.

प्लग काढून पाहिलात तर तोही बोलतो. पांढरट कोरडा असेल तर हवा जास्त. काळा, ओला असेल तर ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ऑइल माहितीपुस्तकात दिले असेल तेवढेच मापून घाला, अंदाजाने नव्हे.

दहा मिनिटे चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच 'सूं' आवाज येतो? मग झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. सुईने मोकळे करा, एक पैसा खर्च नाही. तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर तपासून घ्या.

एक नवी गोष्ट. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले बरेचसे आपल्याच उसाचे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी! पण इथेनॉल ओल धरते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी वर्षातून एकदा वाकवून पाहा. फुगली, चिरली असेल तर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. पावसाळ्यात कॅनमध्ये साठवलेले पेट्रोल घालू नका, त्यात पाणी खाली बसते.

स्क्रूला हात सगळ्यात शेवटी, गाडी तापल्यावर. ताई, जोडावर ऑइल सोडून काय दिसले ते मात्र कळवा. पहाटे अंधारात नको, उजाडल्यावर पाहा. आणि तोवर रेस वाढवलेली गाडी दुधाला नेऊ नये, असे यजमानांना माझ्या नावाने सांगा.